लिनक्सवर ग्राफिक्स परत परत स्लो होतंय? ड्रायव्हर काढून टाकायच्या आधी कोण कोणासाठी थांबलंय ते बघा

नागपूरच्या मावसभावाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, लॅपटॉप परत स्लो चालून राहिला, ड्रायव्हर टाकून दे ना." दीड वर्षात हे चौथ्यांदा झालं. चारही वेळा लक्षण तेच, गेम अडकत चालतोय, ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मॉडेल फिरवलं की ते मागून रांगत येतंय, पण कारण चारही वेळा वेगळं निघालं आणि एकदाही नुसता ड्रायव्हर काढून परत टाकल्यानं काम झालं नाही. पहिल्या दोन वेळा मी तेच करून बघितलं होतं म्हणून खात्रीनं सांगतो. आता प्रत्येक वेळी नव्यानं डोकं फोडण्यापेक्षा ज्या क्रमानं मी शोधतो तो एकदा लिहूनच काढतो.

मशीन आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. इंटेल आय५ ८३००एच, चार कोर आठ थ्रेड, त्याच्या पोटात यूएचडी ६३० हे ग्राफिक्स आणि शिवाय एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड, चार जीबीवालं, वर उबुंटू २४.०४ हे लिनक्स. म्हणजे दोन जीपीयूवाला (चित्र काढणाऱ्या दोन चिपवाला) हायब्रिड लॅपटॉप, आणि लिनक्सवरची ग्राफिक्सची निम्मी डोकेदुखी याच जातीच्या मशीनवर होते असं माझं स्पष्ट मत आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.

पहिला प्रश्न एकच, चित्र काढतंय कोण. मेसा-युटिल्स नावाचं पॅकेज टाकायचं आणि जीएलएक्स-इन्फो ही कमांड डॅश कॅपिटल बी लावून चालवायची, त्यात ओपनजीएल रेंडरर अशी एक ओळ येते, ओपनजीएल म्हणजे प्रोग्रामनं कार्डाला चित्र सांगायची भाषा. तिथं तुमच्या कार्डचं नाव दिसलं तर ठीक. तिथं एलएलव्हीएमपाइप दिसलं तर बाकी काही वाचायची गरज नाही, तुमचं ग्राफिक्स कार्ड बसून आहे आणि सगळं चित्र सीपीयू काढतोय. एलएलव्हीएमपाइप म्हणजे मेसामधला सॉफ्टवेअर रेंडरर. मेसा म्हणजे ब्रायन पॉलनं १९९३ साली सुरू केलेला प्रोजेक्ट, आज इंटेल आणि एएमडीचे ओपन सोर्स ड्रायव्हर त्यातच राहतात, आणि कुठलाच हार्डवेअर ड्रायव्हर हाताला लागला नाही की तो गुपचूप सीपीयूवर काम ढकलतो. गुपचूप हेच वाईट. एरर येत नाही, डेस्कटॉप दिसतो, खिडक्या उघडतात, फक्त सगळं चिखलातून चालल्यासारखं वाटतं आणि फॅन बोंबलत असतो. व्हल्कन या दुसऱ्या भाषेतल्या गेमसाठी हेच व्हल्कन-इन्फोला समरी लावून बघायचं, तिथं सॉफ्टवेअरवाल्याचं नाव लाव्हापाइप असतं पण यादीत तेही एलएलव्हीएमपाइप म्हणूनच दिसतं.

इथंच एक सांगून टाकतो, जीएलएक्स-गिअर्स चालवून साठ एफपीएस (सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे चित्रं) आले म्हणून कार्ड खराब आहे असं समजणारे दरवर्षी भेटतात. ते साठ तुमच्या मॉनिटरचे आहेत, व्हीसिंक, म्हणजे मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणं, चालू आहे म्हणून. ते तीन चाकांचं खेळणं बेंचमार्क नाही, व्हीसिंक बंद करून पाच हजार आले तरी त्यावरून काहीच ठरत नाही. मोजायचंच असेल तर जीएलमार्क२ घ्या, नाहीतर जो गेम अडकतोय तोच घ्या, माझ्या मते तेच बरं.

आता एलएलव्हीएमपाइप का आला हे शोधायचं. एलएसपीसीआयला डॅश के लावलं की प्रत्येक कार्डाच्या खाली कर्नल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ येते, इंटेलला आय९१५ किंवा नव्या चिपला एक्सई, एएमडीला एएमडीजीपीयू, एनव्हिडियाला एनव्हिडिया किंवा नूव्हो हा ओपन सोर्सवाला. ती ओळच नसेल तर कार्डाला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कोणी वालीच नाही. एक नेहमीचं कारण म्हणजे नोमोडसेट, ग्राफिक्स ड्रायव्हरला हात बांधून ठेवणारा बूटचा पर्याय. इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन आली, कुठंतरी वाचलं की ग्रबमध्ये (लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) नोमोडसेट टाका, टाकलं, इन्स्टॉल झालं, आणि ती ओळ तशीच राहिली दोन वर्षं. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल कॅट करून बघा, तिथं नोमोडसेट असेल तर आधी ते ग्रबच्या सेटिंगमधून काढा आणि अपडेट-ग्रब चालवा. दुसरं कारण फर्मवेअर (कार्डात भरायचा छोटा प्रोग्राम) नसणं, विशेषतः डेबियनवाल्यांना, १२ च्या आधी अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नॉन-फ्री फर्मवेअर यायचंच नाही, २०२३ च्या बुकवर्मपासून येतं. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) फर्मवेअर फेल्ड असं काही दिसलं की समजायचं.

मावसभावाचं पहिल्या वेळचं दुखणं याच घरातलं होतं पण चेहरा वेगळा होता, म्हणून मला दोन तास लागले. त्याच्या जीएलएक्स-इन्फोमध्ये व्यवस्थित इंटेल यूएचडी ६३० दिसत होतं. हायब्रिड लॅपटॉपवर हे नॉर्मलच आहे, डेस्कटॉप इंटेलवर चालतो आणि गेम सांगितल्यावर एनव्हिडियावर जातो. पण एलएसपीसीआयमध्ये १०५० च्या खाली ड्रायव्हर इन यूजची ओळ गायब होती. म्हणजे एनव्हिडियाचा मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) लोडच झाला नव्हता, आणि एनव्हिडियाचं पॅकेज नूव्होला ब्लॅकलिस्ट करून ठेवतं त्यामुळे नूव्होही नाही, कार्ड पूर्ण बेवारस. बिचारा यूएचडी ६३० एकटा ब्लेंडर ओढत होता. डेस्कटॉप मशीनवर जिथं दुसरा जीपीयू नसतो तिथं हाच प्रकार झाला की थेट एलएलव्हीएमपाइप दिसतो आणि चटकन कळतं, लॅपटॉपवर इंटेल सांभाळून घेतो म्हणून कळत नाही.

मॉड्यूल का नाही? डीकेएमएस स्टेटस टाकलं तर जुन्या कर्नलसाठी इन्स्टॉल्ड, नव्या कर्नलसाठी काहीच नाही. कारण एनव्हिडियाचा मॉड्यूल डीकेएमएसनं लावलेला असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो तुमच्याच मशीनवर नव्यानं बिल्ड होतो आणि त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. या पठ्ठ्यानं कधीतरी एका ठरावीक व्हर्जनचे हेडर हातानं टाकले होते, लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे मेटा-पॅकेज, जे दर कर्नलबरोबर नवे हेडर आपोआप आणतं, ते टाकलंच नव्हतं. मग दर कर्नल अपडेटला कर्नल नवा, हेडर जुने, बिल्ड फेल, कार्ड बेवारस. दर महिना-दोन महिन्यांनी परत स्लो होतं याचं कारण हे होतं, आणि मी पहिल्यांदा ड्रायव्हर पर्ज करून (मुळासकट काढून) परत टाकला तेव्हाही बिल्ड फेलच झाली होती, मी वरती स्क्रोल करून ती एरर वाचली नव्हती एवढंच. मेटा-पॅकेज टाकलं, एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा नवा) कर्नल असेल तर त्याचं वेगळं मेटा-पॅकेज असतं ते टाकायचं, आणि हा विषय संपला.

संपला म्हणजे जवळजवळ. कारण बिल्ड झाली तरी सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारं बायोसमधलं कुलूप) चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते. मॉडप्रोब एनव्हिडिया केल्यावर की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस असं आलं तर तीच भानगड. उबुंटू इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागतो, मग रीबूट केल्यावर निळी स्क्रीन येते, त्यात एनरोल मॉक (तुमच्या मशीनची सहीची की नोंदवणं) निवडून तो पासवर्ड टाकायचा असतो. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते, आणि लोक निळी स्क्रीन बघून घाबरून एंटर मारतात किंवा चहा आणायला गेलेले असतात, बस, की नोंदलीच जात नाही. एकदा नोंदली की पुढच्या सगळ्या बिल्ड त्याच कीनं सही होतात, परत परत करावं लागत नाही, पण बायोस फॅक्टरी रिसेट मारला तर नोंद उडू शकते हे लक्षात असू द्या. मॉकयुटिलला एसबी-स्टेट विचारलं की सिक्युअर बूट चालू आहे का ते सांगतो.

नूव्होवर एक वाक्य बोलायलाच हवं कारण "ओपन सोर्स आहे, तोच वापर" असा सल्ला मिळतो. १०५० म्हणजे पास्कल पिढी, आणि ९०० सीरिजच्या मॅक्सवेलपासून पुढं एनव्हिडियानं कार्डावरचं फर्मवेअर सही केलेलं मागायला सुरुवात केली त्यामुळे नूव्होला या कार्डांचा क्लॉक (चालायचा वेग) वाढवताच येत नाही, कार्ड बूट होताना ज्या मंद क्लॉकवर असतं त्यावरच राहतं. ट्युरिंग या नंतरच्या पिढीला आणि त्यापुढच्या कार्डांना त्यांच्यावरच्या जीएसपी नावाच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमुळे सुटका मिळाली, कर्नल ६.७ पासून, पण मॅक्सवेल-पास्कल-व्होल्टावाले मध्येच लटकले. त्यांना एनव्हिडियाचे ओपन कर्नल मॉड्यूलही चालत नाहीत, तेही ट्युरिंगपासूनच. त्यामुळे पॅकेज निवडताना नावात ओपन असलेलं १०५० वर टाकलं तर मॉड्यूल कार्डाला हातच लावत नाही, आणि परत तोच फोन, स्लो झालं. वर ५८० ही या तीन पिढ्यांना सपोर्ट करणारी शेवटची ड्रायव्हर शाखा आहे, तेव्हा रोलिंग डिस्ट्रोवर (सतत नवी व्हर्जन देणारं लिनक्स) असाल तर अपडेट डोळे मिटून मारू नका.

बरं, कार्ड योग्य आहे, ड्रायव्हर लोड आहे, तरी स्लो. मग खरा शोध इथून सुरू होतो, कोण कोणासाठी थांबलंय. एक फ्रेम तयार व्हायला गेमचा सीपीयूवरचा हिशोब, मग ड्रायव्हरनं त्याचं कमांडमध्ये रूपांतर करणं, मग जीपीयूनं ते काढणं, मग कंपोझिटरनं (सगळ्या खिडक्या जोडून पडदा तयार करणारा प्रोग्राम) स्क्रीनवर नेणं एवढी साखळी असते आणि साठ एफपीएससाठी या सगळ्याला मिळून १६.६ मिलिसेकंद आहेत. सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे रिझोल्यूशन. गेममध्ये जाऊन १०८० पी चं ७२० पी करा. एफपीएस भरपूर वाढले तर जीपीयू दमत होता. ढिम्म हलले नाहीत तर जीपीयू मोकळाच होता, अडवणारा सीपीयू किंवा ड्रायव्हर किंवा अजून काही आहे, आणि मग सेटिंग लो करून ग्राफिक्स भंगार दिसेल, एफपीएस तेवढेच राहतील. फुकटची टेस्ट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, तरी कोणी करत नाही.

यानंतर मँगोहड टाका. गेमच्या कोपऱ्यात जीपीयू लोड, सीपीयू लोड, क्लॉक, टेंपरेचर आणि फ्रेमटाइमचा ग्राफ दिसतो. एफपीएसच्या आकड्यापेक्षा तो ग्राफ बघा. सरासरी साठ असूनही गेम अडकतोय असं वाटतं तेव्हा ग्राफमध्ये मधूनच उंच काटे दिसतात, पन्नास-साठ मिलिसेकंदांचे, तेच तुम्हाला डोळ्याला खुपत असतात. नवीन जागी गेल्यावर, पहिल्यांदा स्फोट झाल्यावरच काटा येत असेल आणि त्याच जागी परत गेल्यावर येत नसेल तर ते शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होणं आहे, ड्रायव्हर खराब नाही, कॅश भरली की जातं. म्हणूनच कॅश फोल्डर जागा खातंय म्हणून रोज उडवू नका.

सीपीयूच्या बाबतीत एक फसवणूक कायम होते. सिस्टीम मॉनिटरमध्ये सीपीयू बारा टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो सीपीयू तर रिकामा आहे. आठ थ्रेडच्या मशीनवर एक थ्रेड पूर्ण शंभर टक्के जळत असेल तर एकूण साडेबाराच दिसणार. एचटॉप उघडून एकेक कोर बघा. ओपनजीएलचे गेम बहुतेक वेळा ड्रॉ कॉल (हे काढ, ते काढ असे हुकूम) एकाच थ्रेडवरून देतात, त्यामुळे तो एक कोर भरला की बाकी सात हात बांधून उभे. झिरो एडी या गेममध्ये मोठ्या फौजा जमल्या की असंच होतं, तिथं तर गेमचं स्वतःचं सिम्युलेशनच एका थ्रेडवर लटकतं, कार्ड कितीही भारी आणा. मेसावर मेसा-जीएलथ्रेड नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ट्रू करून ड्रायव्हरचं काम वेगळ्या थ्रेडवर ढकलता येतं, काही गेमला चांगला फरक पडतो, काहींना शून्य. आणि तो कोर नेमका गेममध्ये जळतोय की ड्रायव्हरमध्ये हे बघायचं तर पर्फ टॉप चालवा, वरच्या ओळींत गेमचंच नाव असेल तर गेम, मेसाच्या लायब्ररीचं किंवा एनव्हिडियाचं असेल तर ड्रायव्हर, आणि मेमकॉपी वर वर दिसत असेल तर कुठंतरी फ्रेम इकडून तिकडं वाहिली जातेय.

हे फ्रेम वाहणं म्हणजे मावसभावाचा दुसरा फोन. नवीन मॉनिटर घेतला होता, १४४० पी, ७५ हर्ट्झ, एचडीएमआयला लावला आणि गेम अडकायला लागला, माउससुद्धा जड. मी काय केलं, दोन रात्री ५३५, ५४५, ५५० असे ड्रायव्हर बदलत बसलो, रिमोटनं. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईनं, म्हणजे मावशीनं, टेबल पुसायला मॉनिटरची केबल काढली आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर तोच गेम लोण्यासारखा चालला. मावशीनं निदान केलं असंच म्हणायला हवं.

झालं असं की बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन इंटेलला. डेस्कटॉप इंटेल काढतोय, मॉनिटर एनव्हिडियाकडं, म्हणजे प्रत्येक फ्रेम इंटेलकडून एनव्हिडियाकडं कॉपी. गेम एनव्हिडियावर चालवला तर अजून गंमत, एनव्हिडियानं काढलेली फ्रेम आधी इंटेलकडं कंपोझिटरला, आणि तिथून परत एनव्हिडियाकडं मॉनिटरला. १४४० पी ची एक फ्रेम चार बाइट प्रति पिक्सेलनं साधारण पावणेपंधरा एमबी, ७५ वेळा सेकंदाला, म्हणजे एका फेरीला ११०० एमबी प्रति सेकंद. पीसीआय एक्सप्रेसला तो आकडा काही फार नाही, पण प्रत्येक कॉपी पूर्ण होईपर्यंत कोणीतरी थांबलेलं असतं, आणि ती कॉपी जीपीयूऐवजी सीपीयूनं करायची वेळ आली तर संपलंच.

कुठलं पोर्ट कोणाचं हे शोधायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. सिस मधल्या क्लास मधल्या डीआरएम फोल्डरची यादी काढा, तिथं कार्ड१-ईडीपी-१, कार्ड२-एचडीएमआय-ए-१ अशी नावं दिसतात. ईडीपी म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन. कार्डाचा नंबर वेगळा म्हणजे जीपीयू वेगळा, आणि त्या कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरमधली ड्रायव्हरची लिंक बघितली की आय९१५ का एनव्हिडिया तेही कळतं. आमच्या नशिबानं त्याचं यूएसबी-सी पोर्ट इंटेलकडं निघालं, एक यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घेतली आणि एक फेरी वाचली. ते नसतं तर प्राइम-सिलेक्टनं सगळा डेस्कटॉपच एनव्हिडियावर टाकला असता, बॅटरी खातं पण घरी टेबलावर असतं तेव्हा काय फरक पडतो. वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) राहून हेच करायचं तर केडीई डेस्कटॉपमध्ये केविन-डीआरएम-डिव्हाइसेस हा व्हेरिएबल आहे, ग्नोम डेस्कटॉपमध्ये यूडेव्हचा (हार्डवेअर ओळखणारी व्यवस्था) एक नियम लिहून मटर या त्याच्या कंपोझिटरला मुख्य जीपीयू कुठला ते सांगता येतं.

तिसरा फोन. या वेळी मँगोहडनं वेळ वाचवला. जीपीयू लोड ९९ टक्के, म्हणजे वाटतं जीपीयूच दमतोय, पण शेजारी क्लॉक बघितला तर कार्ड आपल्या नेहमीच्या क्लॉकच्या खूपच खाली, आणि सीपीयू ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास चिकटलेला. इथं लक्षात ठेवायचं की लोडचा टक्का म्हणजे किती वेळ काम चालू होतं एवढंच, किती वेगानं ते नाही. बैलगाडीही दिवसभर चालली तर शंभर टक्केच चालली. म्हणून लोड आणि क्लॉक कायम जोडीनं बघा, इंटेलवर इंटेल-जीपीयू-टॉप मागितलेली आणि प्रत्यक्ष मिळालेली फ्रिक्वेन्सी दोन्ही दाखवतो, एएमडीवर सिसमधल्या पीपी-डीपीएम-एससीएलके फाइलमध्ये सध्याच्या पायरीपुढं चांदणी असते, तिथं जीपीयू लोड असतानाही चांदणी खालच्या पायरीवर असेल तर पॉवर-डीपीएम-फोर्स-परफॉर्मन्स-लेव्हल कोणी लो करून ठेवलंय का बघा. एनव्हिडियावर एनव्हिडिया-एसएमआयला क्वेरी करून परफॉर्मन्सचा भाग मागितला की क्लॉक का अडवलाय त्याची कारणं येतात, थर्मल, पॉवर कॅप, पॉवर ब्रेक वगैरे, प्रत्येकापुढं ॲक्टिव्ह किंवा नॉट ॲक्टिव्ह.

त्यात पॉवरवालं ॲक्टिव्ह होतं. विचारलं, "चार्जर कुठला लावलायस?" म्हणे, "माझा बंद पडला ना दादा, रूममेटचा लावला, पिन बसते." पिन बसते! ओरिजिनल १३० वॅटचा, हा ६५ चा. लॅपटॉपला चार्जर ओळखता आला नाही किंवा कमी वॅटचा वाटला की फर्मवेअर सीपीयूला प्रॉकहॉटचा (तापलायस, हळू हो असा) सिग्नल देऊन खाली दाबतं, आणि लिनक्सला याबद्दल कोणी विचारत नाही, ड्रायव्हरचा काहीच दोष नाही. टर्बोस्टॅट चालवला की दिसतं, पॅकेज (अख्खी सीपीयू चिप) थंडगार ५५ डिग्री, वॅट नावापुरते, क्लॉक मातीत. थंड असून मंद म्हणजे पॉवर, गरम होऊन मंद म्हणजे उष्णता, एवढं तिथं समजतं.

मध्येच शेजारच्यांच्या डेस्कटॉपचं सांगतो कारण तो प्रकार लॅपटॉपलाही लागू आहे. रायझन ५ ५६००जी, वेगळं कार्ड नाही, आणि "जीपीयू चांगला आहे म्हणाले होते, मग एवढा का रडतोय" अशी तक्रार. जीएलएक्स-इन्फो बरोबर, क्लॉक बरोबर, लोड ९९, टेंपरेचर ठीक. मग डीएमआय-डीकोडला मेमरी विचारली तर १६ जीबीची एकच स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा. दुकानदारानं स्वस्तात बसवून दिलं. पोटातल्या जीपीयूला स्वतःची मेमरी नसते, तो सीपीयूबरोबर त्याच रॅममधून पाणी पितो, आणि डीडीआर४ ३२०० च्या एका चॅनेलला जास्तीत जास्त २५.६ जीबी प्रति सेकंद मिळतात, दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये लावल्या की ५१.२. टाकी मोठी आणि नळ एक असा प्रकार. दुसरी स्टिक टाकल्यावर काकांनी फोन करून सांगितलं की मुलगा आता गप्प बसलाय. ड्रायव्हरचा कितीही अभ्यास करा, हा अडथळा कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही, कारण सिस्टीमच्या दृष्टीनं सगळं बरोबरच चाललंय.

किरकोळ गोष्टी भराभर. गेम ठीक पण यूट्यूबचा व्हिडिओ अडकतो, तर तो वेगळा विषय, व्हिडिओ डीकोडचा, व्हीए-इन्फो चालवून बघा व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ फॉरमॅट यादीत आहेत का, इंटेलमध्ये एव्ही१ डीकोड अकराव्या पिढीपासून आहे, त्याआधीच्या मशीनवर यूट्यूबनं एव्ही१ पाठवलं की सीपीयूच राबणार. फेडोरावाल्यांनो, ३७ पासून मेसामधून एच२६४ चं डीकोड काढलंय, आरपीएम फ्यूजनमधून फ्रीवर्ल्डवालं पॅकेज घ्या. फ्लॅटपॅकचा (सगळं सामान बरोबर घेऊन येणारं पॅकेज) गेम स्लो आणि बाकी सगळं ठीक, तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि फ्लॅटपॅकमधली जीएल रनटाइम यांचं व्हर्जन जुळत नसेल, फ्लॅटपॅक अपडेट मारा. जुन्या एखाद्या पोस्टवरून झॉर्गच्या (जुनी डिस्प्ले पद्धत) कॉन्फ फोल्डरमध्ये २०-इंटेल नावाची फाइल टाकली असेल तर उडवा, तो जुना इंटेल ड्रायव्हर आता कोणी सांभाळत नाही, डेबियन-उबुंटूनं २०१६ लाच त्याच्या जागी मोडसेटिंग हा ड्रायव्हर घेतला. इंटेलच्या लॅपटॉपवर टाइप करताना स्क्रीन अर्धा सेकंद गोठल्यासारखी वाटत असेल तर आय९१५ ला एनेबल-पीएसआर शून्य देऊन (स्क्रीनची वीज वाचवणारी सोय बंद करून) बघा. आणि डीमेसेजमध्ये जीपीयू हँग, रिंग टाइमआउट किंवा एनव्हिडियाचा एक्सआयडी असलं काही येत असेल तर हा परफॉर्मन्सचा प्रश्नच नाही, कार्ड किंवा ड्रायव्हर कोसळून परत उभा राहतोय, त्याचा शोध वेगळा.

आता चौथा फोन, मागच्या आठवड्यातला. मे महिना, नागपूर, बाहेर ४५. "दादा पाच मिनिटं मस्त चालते मग अडकते, मग थोडा वेळ ठेवून दिला का परत मस्त." यात निदान करायला काही उरलंच नव्हतं पण तरी म्हटलं पुरावा काढ. डीमेसेजमध्ये कोअर टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड अशा ओळींची रांग. टर्बोस्टॅटमध्ये पॅकेज ९७-९८ ला टेकलेलं, या चिपची मर्यादाच १०० डिग्री आहे. अशा लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि जीपीयूची उष्णता बहुतेक वेळा एकाच तांब्याच्या नळीतून बाहेर जाते, त्यामुळे एक तापला की दुसराही अडकतो, म्हणून मँगोहडमध्ये कधी सीपीयूचा क्लॉक पडताना दिसतो कधी जीपीयूचा आणि माणूस गोंधळतो.

तात्पुरतं दोन गोष्टी करायला लावल्या. मँगोहडमध्येच एफपीएस-लिमिट ४५ ची केली, कारण शंभर काढून पंचवीसवर आपटण्यापेक्षा सलग ४५ डोळ्याला खूप बरे. आणि इंटेल-पीस्टेटमधलं नो-टर्बो एक केलं (म्हणजे सीपीयूचा जास्तीचा वेग बंद), या गेमला सीपीयूचं ४ गिगाहर्ट्झ लागतच नव्हतं, उगाच तिथं उष्णता जात होती. तेवढ्यानं पॅकेज ८५ च्या खाली आलं आणि काटे गेले. फॅनच्या जाळीत मोबाइलचा टॉर्च मारून फोटो पाठव म्हटलं तर आतमध्ये चक्क धुळीचा नमदा तयार झालेला. मागच्या झाकणाचे स्क्रू तो उघडायला तयार नाही, आणि मी व्हिडिओ कॉलवर त्याला उघडू द्यायला तयार नाही. मावशी म्हणते कूलरसमोर ठेवलं तर चालेल का, तिला सांगितलं, अजिबात नको, हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात. थर्मल पेस्टची ट्यूब आणि ब्रश घेऊन ठेवलाय, पंधरा दिवसांनी लग्नाला तिकडं जायचंय तेव्हा मीच उघडतो. तोपर्यंत ४५ एफपीएसवर खेळ म्हटलंय.